द्राक्षाच्या देठातले पोटॅशियम मोजणारा खिशातला मीटर : निफाडच्या बागेतून एक परीक्षण

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागेत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमयुक्त खत, कधी आणि किती द्यायचे, हा प्रश्न वर्षातून किमान दोनदा उभा राहतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होत असते तेव्हा एकदा, आणि ऑक्टोबर छाटणीच्या बागेत मण्यांत पाणी उतरू लागते तेव्हा दुसऱ्यांदा. या काळात देठ परीक्षणाचा अहवाल हाताशी असावा असे सगळेच सांगतात. पण देठ गोळा करून, धुऊन, प्रयोगशाळेत पोहोचवून, ते वाळून आणि दळून अहवाल हाती येईपर्यंत बाग बहुधा पुढच्या अवस्थेत गेलेली असते. ही अडचण दूर करण्याचे आश्वासन देणारा, तळहातावर मावणारा पोटॅशियम मीटर आम्ही निफाड तालुक्यातील आमच्या बागेसाठी घेतला. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि बाग काका पाहतात, त्यामुळे या उपकरणाकडे घरातच दोन वेगळ्या अपेक्षांनी पाहिले गेले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या जातीची उपकरणे एकाहून अधिक कंपन्या बनवतात, आतले तत्त्व सगळ्यांचे एकच आहे, आणि घेणाऱ्याने समजून घ्यायला हवे ते तत्त्वच.

मीटर दिसायला अगदी साधा आहे. एका टोकाला लहानसा डिस्प्ले असलेले उपकरण, त्या टोकाजवळ उथळ वाटीसारखा सेन्सर, वर झाकण, आत बटणासारखे दोन सेल. सेन्सरवर रसाचे काही थेंब टाकायचे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) वाचायचे. सोबत प्रमाण द्रावणाच्या छोट्या बाटल्या येतात, १५० आणि २००० पीपीएमच्या. मोजणीपूर्वी त्यांच्यावर मीटर जुळवून घ्यावा लागतो. पाण्याचा फवारा चुकून अंगावर आला तरी बिघडत नाही, ही बागेत मोठी सोय. बाह्यांगाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पैसे मोजले जातात ते सेन्सरच्या तळाशी असलेल्या पातळ पडद्याचे, म्हणजे मेम्ब्रेनचे. अशा पडद्याची रूढ कृती अशी की वजनाने साधारण एक तृतीयांश पीव्हीसी, दोन तृतीयांश तेलकट प्लॅस्टिसायझर आणि जेमतेम एक टक्का खरे काम करणारा रेणू. हा रेणू एक तर व्हॅलिनोमायसिन असतो, जे स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू तयार करतात, किंवा क्राउन इथर जातीचा कृत्रिम रेणू असतो. व्हॅलिनोमायसिन हे छत्तीस अणूंचे मोठे वलय आहे. ते पोटॅशियमच्या आयनाभोवती (विद्युतभारित अणूभोवती) दुमडते, त्याचे सहा कार्बोनिल ऑक्सिजन आतल्या बाजूला वळून आयनाला सहा दिशांनी धरतात, आणि बाहेरच्या बाजूला राहतो तो केवळ तेलात मिसळणारा भाग. पाण्यात राहणारा आयन अशा रीतीने तेलकट पडद्यात शिरतो, पडद्याच्या दोन बाजूंना विद्युतभाराचा फरक पडतो आणि मीटर तो फरक मिलिव्होल्टमध्ये मोजून त्याचे पीपीएममध्ये रूपांतर करतो. झुरिचमध्ये विल्हेल्म सिमोन यांच्या गटाने १९६०च्या दशकात या रेणूवर आधारलेले इलेक्ट्रोड दाखवले. रुग्णालयांत रक्तातले पोटॅशियम मोजण्यासाठी आजही त्याच मार्गाने जाणारे इलेक्ट्रोड वापरले जातात.

क्राउन इथरची हकीकत मी वर्गात आवर्जून सांगतो. अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीत काम करणारे चार्ल्स पेडरसन यांना व्हॅनेडियमला धरून ठेवणारा एक रेणू बनवायचा होता. त्या प्रयत्नात नको असलेला उपपदार्थ म्हणून ०.४ टक्के इतके पांढरे स्फटिक हाती आले. ते फेकून न देता त्यांनी त्यांचा पिच्छा पुरवला आणि १९६७ साली ही संपूर्ण रेणुजात जगापुढे मांडली. पेडरसन यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना डोनाल्ड क्रॅम आणि जाँ-मारी लेन यांच्यासोबत मिळाले तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. रेणू रेणूंशी पक्क्या रासायनिक बंधाविना कसे जुळतात आणि पुन्हा कसे सुटतात, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला लेन यांनी सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री हे नाव दिले. सेन्सरच्या दृष्टीने यातले ‘पुन्हा सुटणे’ फार महत्त्वाचे आहे. पोटॅशियमला कायमचे धरून बसणारा रेणू एका मोजणीतच निकामी होईल. धरणारा आणि सोडणारा रेणूच हजारो मोजण्या करू शकतो.

पोटॅशियमच का आणि सोडियम का नाही, हा प्रश्न निफाडच्या शेतकऱ्यासाठी पुस्तकी नाही. कालव्याखालच्या भारी काळ्या जमिनीत क्षार साचतात, विहिरीच्या पाण्यात सोडियम चढते आणि पाने कडेने करपू लागतात. पोटॅशियमच्या कमतरतेनेही पाने कडेनेच करपतात. नुसत्या डोळ्यांनी या दोन्हींत फरक करणे अनुभवी माणसालाही जड जाते. त्यामुळे सोडियमला पोटॅशियम समजणारा मीटर असण्यापेक्षा नसलेला बरा. बांगडी मनगटाच्या मापाची असावी लागते, तसे वलय आयनाच्या मापाचे असते, असे या निवडीचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. पोटॅशियमची त्रिज्या सुमारे १.३८ अँगस्ट्रॉम आणि सोडियमची १.०२, म्हणजे सोडियम बारीक. परंतु बारीक आयन मोठ्या वलयात सहज जायला हवा, मग तो का जात नाही, याचे उत्तर मापात सापडत नाही. पाण्यातला प्रत्येक आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो. सोडियमला ते आवरण उतरवण्यासाठी मोलमागे सुमारे ४०० किलोजूल ऊर्जा लागते, पोटॅशियमला सुमारे ३२०. वलयातले ऑक्सिजन पोटॅशियमला नेमक्या अंतरावरून धरतात आणि त्याने सोडलेल्या पाण्याची भरपाई करतात. बारीक सोडियमपर्यंत ते सगळे मिळून पोहोचत नाहीत, तेव्हा त्याला पाणी सोडणे परवडत नाही आणि तो बाहेरच राहतो. व्हॅलिनोमायसिन सोडियमपेक्षा पोटॅशियमला साधारण दहा हजार पटींनी पसंती देते, ती या हिशेबामुळे.

हा दावा घरी तपासून पाहता येतो आणि तो तपासल्याशिवाय मीटर बागेत नेऊ नये, असे माझे मत आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम साधे मीठ विरघळवले तर त्यात सोडियम सुमारे ३९० पीपीएम असते. आमच्या मीटरने त्या द्रावणावर अगदी तळाचा आकडा दाखवला. त्याच पाण्यात थोडे पोटॅशियमयुक्त मीठ, म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णांना दिले जाते ते, टाकताच आकडा लगेच वर गेला. शहाळ्याच्या पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. तिथेही आकडा दोन हजारांच्या आगेमागे राहिला. विद्यार्थ्यांना सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री फळ्यावर शिकवताना जे पटत नाही, ते या तीन वाट्यांनी पटले, आणि एवढ्यापुरता तरी मीटर माझ्या दृष्टीने पूर्ण गुणांचा आहे.

काकांना मात्र त्याचा पहिला उपयोग सापडला तो खताच्या पोत्यावर. ‘शून्य-शून्य-पन्नास’, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, या खताच्या पोत्यावरचे ५० टक्के हे पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने असतात. प्रत्यक्ष पोटॅशियम काढायचे तर त्याला ०.८३ ने गुणावे लागते, म्हणजे ४१.५ टक्के. एक ग्रॅम खत एक लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवले तर मीटरने चारशेच्या आसपास दाखवायला हवे. त्याहून फार कमी आकडा आला तर पोत्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. दुकानदाराशी वाद घालण्यासाठी एवढ्यावर विसंबू नये, तरी नमुना अधिकृत प्रयोगशाळेत पाठवायचा की नाही, हे ठरवायला ही चाचणी पुरेशी आहे. तिची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. सल्फेटच्या जागी स्वस्त म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) भरले असेल तर मीटर ते पकडणार नाही; उलट म्युरेटमध्ये पोटॅशियम अधिक असल्याने आकडा पाचशेकडे झुकेल आणि माल उत्तम असल्याचा भास होईल. द्राक्षाला नको असते ते त्यातले क्लोराइड, आणि हा पडदा क्लोराइडकडे पाहतच नाही.

आता मुख्य काम, म्हणजे देठाचा रस. इथे मीटरची जाहिरात आणि बाग यांच्यात बरेच अंतर पडते. बटाटा किंवा टोमॅटो यांच्या जाड देठातून रस सहज निघतो; थॉम्पसन जातीच्या द्राक्षाचा देठ सडपातळ आणि चिवट. सोबतच्या माहितीपत्रकात लसूण दाबण्याच्या यंत्राने रस काढा असे लिहिले आहे आणि तो उपाय चालतो, पण मूठभर देठ बारीक कापून दाबल्यावर मिळतात ते काही थेंब. त्यासाठी देठही पुरेसे हवेत आणि ते योग्य पानाचे हवेत. खरड छाटणीनंतर पाचव्या पानाचा देठ, फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ, हा प्रयोगशाळेसाठीचा नियम येथेही पाळावा लागतो, कारण कोवळ्या आणि जून पानांतले पोटॅशियम सारखे नसते. एका ओळीतल्या दोन झाडांवरून देठ तोडून पूर्ण प्लॉटचा निर्णय घेणाऱ्याला कोणताच मीटर वाचवू शकणार नाही. सकाळी ठरावीक वेळी, प्लॉटच्या सर्व भागांतून, पाने लगेच काढून टाकून नुसते देठ झाकणाच्या डब्यात घ्यावेत; रस काढल्यावर तो ठेवून देऊ नये, लगोलग मोजावा. हे सर्व करण्यात जो वेळ जातो त्यापुढे मीटरचा स्वतःचा वेळ नगण्य आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या अर्थाची. प्रयोगशाळा देठ वाळवते, दळते, आम्लात पचवते आणि फ्लेम फोटोमीटरच्या ज्योतीत पोटॅशियमचा ७६६.५ नॅनोमीटरचा प्रकाश मोजते. तिचा अहवाल कोरड्या वजनाच्या टक्क्यांत असतो. मीटर ओल्या रसातले मुक्त आयन मोजतो आणि पीपीएम दाखवतो. रात्री पाणी दिले असेल तर रस पातळ होतो आणि कोरड्या वजनाच्या टक्क्यांत फारसा फरक न पडताही पीपीएम खाली येतो. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने किंवा अन्य कोणी दिलेले टक्क्यांचे तक्ते मीटरच्या आकड्याला थेट लावणे हा म्हणूनच शुद्ध गोंधळ आहे, आणि विक्रेत्याने आम्हाला दिलेल्या छापील कागदावर तोच गोंधळ होता. मीटरचा उपयोग आपल्याच प्लॉटची आठवड्याआठवड्याची चाल पाहण्यासाठी आहे. त्याच वेळी, त्याच पानाच्या देठाचा, सारख्याच पाण्यावर असलेल्या प्लॉटचा आकडा सतत उतरत असेल तर ती खरी बातमी. एकटा आकडा काहीच सांगत नाही. ‘अरे, आकडा मला सांगू नकोस, ड्रीपमधून किती सोडायचं ते सांग,’ असे काका सुरुवातीला म्हणत. काही आठवड्यांनी ते स्वतःच वहीत मागचा आकडा पाहून मग विचारू लागले, हा या उपकरणाचा मला जाणवलेला सर्वांत मोठा फायदा. पोटॅश उगाच जास्त दिले तर मॅग्नेशियम मागे पडते आणि जुनी पाने शिरांमधून पिवळी पडू लागतात, हे त्यांना ठाऊक होते. पण ‘जास्त’ कधी होते ते ओळखायला पूर्वी पान पिवळे होण्याचीच वाट पाहावी लागे.

अचूकतेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण डिस्प्लेवरचा आकडा पाहून माणूस फसतो. २५ अंश सेल्सिअसला पोटॅशियमचे प्रमाण दहापट झाले की विद्युतदाब फक्त ५९.२ मिलिव्होल्टने बदलतो. याचा उलटा अर्थ असा की एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे प्रमाणात सुमारे चार टक्क्यांची चूक, आणि बागेत, हातात धरलेल्या उपकरणात, एखाद-दुसरा मिलिव्होल्ट इकडेतिकडे होणे अगदी स्वाभाविक आहे. त्यामुळे ३१०० आणि ३२०० यांत फरक पाहण्याचा हट्ट धरू नये. तापमानाचाही प्रश्न आहे. दहा अंशांना तेच ५९.२ मिलिव्होल्ट ५६.२ वर येतात. निफाडचा पारा थंडीत एक आकडी होतो हे सर्वांना माहीत आहे. जानेवारीच्या पहाटे घरातल्या उबेत जुळवलेला मीटर घेऊन बागेत जाणे आणि गारठलेल्या रसावर टाकणे म्हणजे चूक ओढवून घेणे होय. तेच प्रमाण द्रावण रात्रभर ओट्यावर ठेवून मुद्दाम तपासले तेव्हा आकडा स्पष्टपणे हलला. प्रमाण द्रावण, मीटर आणि देठ तिन्ही एकाच ठिकाणी, एकाच तापमानाला येऊ द्यावेत, मग मीटर जुळवावा, मग रस काढावा. हे माहितीपत्रकात आहे, पण तळटीपेसारखे; ते पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असायला हवे होते.

अमोनियमचा आयन मापाने पोटॅशियमच्या जवळचा, त्यामुळे पडदा त्याला सोडियमइतका कठोरपणे नाकारत नाही. पसंती शंभर पटींच्या आसपास उरते. देठाच्या रसात याने बिघडत नाही. ‘बारा-एकसष्ट-शून्य’ हे अमोनियमयुक्त खत विरघळवलेल्या टाकीतले पाणी मोजताना मात्र दिसणारे थोडेसे पोटॅशियम खरे मानू नये.

रंगावर किंवा प्रकाशावर चालणारे सेन्सर याहून चांगले नाहीत का, असे एका सहकाऱ्याने विचारले. ती शाखाही याच मुळाची आहे. श्रीलंकेत जन्मलेले आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम केलेले ए. पी. डी सिल्वा यांनी आयन येऊन बसताच उजळणारे रेणू घडवले, १९९३ साली दोन वेगवेगळे आयन एकत्र आले तरच चमकणारा रेणू दाखवला, आणि या विचारातून निघालेले सोडियम-पोटॅशियमचे सेन्सर रक्ततपासणीच्या उपकरणांपर्यंत पोहोचले. परंतु देठाचा रस हिरवट, गढूळ आणि हरितद्रव्यामुळे स्वतःच प्रकाश देणारा. विद्युतदाब मोजणाऱ्या पडद्याला रसाच्या रंगाशी काही देणेघेणे नसते. शेतीसाठी सध्या तरी हाच मार्ग सोयीचा दिसतो.

तक्रार आहे ती सेन्सरच्या आयुष्याबद्दल आणि विक्रीनंतरच्या सेवेबद्दल. पडद्यातला प्लॅस्टिसायझर आणि तो एक टक्का रेणू दर वापरात अत्यंत सावकाश बाहेर झिरपत राहतो. म्हणून सेन्सर हा झिजणारा भाग आहे आणि बदलीचा सेन्सर मूळ किमतीचा मोठा हिस्सा खातो. ही झीज रसायनशास्त्राची आहे, कंपनीची लबाडी नाही. पण विकताना ती सांगायला हवी होती. नाशिक शहरातील ज्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून आम्ही मीटर घेतला, तेथे खरेदीच्या दिवशी ‘सर, सेन्सर कधीही सांगा, मागवून देतो’ असे आश्वासन मिळाले होते. प्रत्यक्षात सेन्सर मागितला तेव्हा मण्यांत पाणी उतरण्याचा काळ निघून गेला तरी तो आला नव्हता. दुकानातली मंडळी नम्र आहेत, बिल व्यवस्थित देतात, मात्र उपकरण चालवून दाखवणारे कोणी नाही आणि प्रमाण द्रावणाच्या बाटल्यांवरची मुदत पाहून घेण्याचे काम गिऱ्हाइकालाच करावे लागते. सेन्सर टिकवण्यासाठी प्रत्येक मोजणीनंतर तो शुद्ध पाण्याने धुवावा, मऊ कागदाने नुसता टिपावा, घासू नये, आणि स्पिरिट किंवा ॲसिटोन त्याच्या जवळपासही आणू नये. हे द्रव पडद्यातला तेलकट भाग ओढून घेतात आणि मग आकडे दिशाहीन होतात.

किंमत मध्यम दर्जाच्या मोबाइल फोनइतकी आहे. दीड-दोन एकर बाग असलेल्या एकट्या शेतकऱ्याने ती मोजावी असे मला वाटत नाही. एका शिवारातल्या आठ-दहा बागायतदारांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मीटर घ्यावा, मोजणीसाठी एकच जबाबदार माणूस नेमावा, आणि हंगामातून दोनदा त्याच देठांचा अर्धा भाग प्रयोगशाळेत पाठवून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. असे वापरले तर पाचपैकी चार गुण. दुकानाच्या सेवेला दोनपेक्षा जास्त देववत नाहीत.

त्याच दुकानात याच बनावटीचा नायट्रेट मीटरही घेण्याचा आग्रह झाला. तो मी घेतला नाही. पोटॅशियमच्या पडद्यात आयनाला नेमके ओळखणारा रेणू आहे. नायट्रेटच्या पडद्यात बहुधा लांब शेपटीचे अमोनियम क्षार असतात, जे आयनाला आकारावरून ओळखत नाहीत, पाणी सहज सोडणाऱ्या ऋण आयनाला आत घेतात. नायट्रेट क्लोराइडपेक्षा सहज आत जाते हे खरे, पण निवड पोटॅशियमच्या पडद्याइतकी कडक नसल्याने क्लोराइड भरपूर असेल तर तेही आपला वाटा आकड्यात मिसळते. आमच्या विहिरीचे पाणी खारे आहे, तेव्हा नायट्रेटसाठी आमचे नमुने प्रयोगशाळेतच जातील.